हर्बल पट्टी लावण्याआधी मोजमाप विचारा

सध्या वस्त्यावस्त्यांतून एक नवी वस्तू फिरते आहे. कमरेला, दंडाला, बेंबीवर किंवा तळपायाला चिकटवायची पट्टी. कोणी तिला पॅच म्हणते, कोणी प्लास्टर. गुडघेदुखीची पट्टी, वजन उतरवायची पट्टी, साखर कमी करायची पट्टी, रात्री तळपायाला लावली की सकाळी "शरीरातले विष" काळे होऊन दिसते म्हणणारी पट्टी. पाकिटावर हिरवे पान छापलेले असते आणि एक वाक्य जवळजवळ सगळ्यांवर सारखेच असते: शंभर टक्के हर्बल, साइड इफेक्ट नाही. मोबाइलवर जाहिरात दिसते, पाकीट घरपोच येते, शेजारणीला बरे वाटले म्हणून आपणही मागवतो.

आम्ही आधी परिचारिका म्हणून वॉर्डात काम केले, आता वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करतो. आयाबहिणी ही पाकिटे आमच्यापुढे ठेवतात आणि विचारतात, "ताई, ही चांगली का वाईट?" या प्रश्नाला आम्ही एका शब्दात उत्तर देत नाही. वनस्पतीतले द्रव्य त्वचेतून शरीरात पोचवता येते, ही गोष्ट खरी आहे. मोठ्या दवाखान्यांत अशा पट्ट्या वापरल्या जातात. पण त्यांच्यावर द्रव्याचे नाव असते, किती मिलिग्रॅम आहे ते असते, किती तास ठेवायची ते असते. आमचे म्हणणे एवढेच आहे: ज्या पट्टीवर हे मोजमाप नाही, ती औषध म्हणून अंगाला लावू नका. आणि मोजमाप नसलेली पट्टी बाजारात येऊच नये, अशी मागणी आपण केली पाहिजे.

पाल्याचा लेप आणि कंपनीची पट्टी

त्वचेतून औषध देण्याची कल्पना आपल्या घरांना नवी नाही. गुडघा सुजला की आजी रुईचे किंवा निर्गुडीचे पान तेल लावून गरम करते आणि बांधते. काही ठिकाणी धोतऱ्याचे पानही बांधतात. हातपाय दुखले की बिब्बा घालतात. सुई तापवून बिब्ब्यात खुपसायची आणि निघालेल्या तेलाचे ठिपके दुखऱ्या जागी द्यायचे. वयस्कर लोकांना केमिस्टकडे मिळणारी बेलाडोना पट्टीही आठवत असेल. कंबर धरली की ती चिकटवायची. बेलाडोना ही वनस्पती आपल्या धोतऱ्याच्याच कुळातली.

आता गंमत पाहा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1979 मध्ये त्वचेतून रक्तात औषध सोडणारी पहिली पट्टी मंजूर केली. ती होती प्रवासातल्या उलटीवर, कानामागे लावायची. तिच्यातले द्रव्य स्कोपोलामाइन. हे द्रव्य धोतऱ्यातही असते. म्हणजे जे झाड आपल्या वस्तीच्या उकिरड्यावर उगवते, त्यातल्या द्रव्यापासून या शास्त्राची सुरुवात झाली.

मग आजीचे पान आणि ती पट्टी यांत फरक काय? फरक मोजमापाचा. त्या पट्टीतून तीन दिवसांत मिळून साधारण 1 मिलिग्रॅम स्कोपोलामाइन शरीरात जाते. 1 मिलिग्रॅम म्हणजे मिठाचे दहा-पंधरा कण. तेवढ्यानेसुद्धा काहींचे तोंड कोरडे पडते, झोप येते, म्हाताऱ्या माणसाला भ्रम होऊ शकतो. पट्टीला लागलेले बोट डोळ्याला लागले तर बाहुली मोठी होते आणि धूसर दिसते, म्हणून हात धुण्याची सूचना पाकिटावरच असते. धोतऱ्याच्या पानात मात्र किती द्रव्य आहे ते कुणालाच सांगता येत नाही. एका झाडात कमी, दुसऱ्यात जास्त. कोवळ्या पानात वेगळे, जून पानात वेगळे. जखम असलेल्या कातडीवर बांधले तर आणखी वेगळे.

आजीला आम्ही दोष देत नाही. तिच्याकडे दुसरे काही नव्हते. पण कंपनीकडे प्रयोगशाळा आहे, काटा आहे, छापखाना आहे. पैसे घेऊन पट्टी विकणाऱ्याने आजीइतकेच अंदाजाने वागायचे ठरवले, तर त्याला माफी नाही.

त्वचा ही भिंत आहे

त्वचेचे पहिले काम आत जाऊ न देणे हे आहे. तसे नसते तर पावसात भिजल्यावर आपण फुगलो असतो आणि उन्हात सुकून गेलो असतो. तिचा सगळ्यात वरचा मेलेल्या पेशींचा थर जेमतेम 10 ते 20 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही पातळ. पण तो विटांच्या भिंतीसारखा रचलेला असतो. पेशी विटांच्या जागी, आणि त्यांच्यामध्ये चुन्यासारखे स्निग्ध पदार्थ. तळपायाला आणि तळहाताला हा थर खूपच जाड असतो.

या भिंतीतून पलीकडे जायचे तर तीन अटी आहेत. पहिली, द्रव्याचा रेणू लहान हवा. त्वचेच्या अभ्यासकांनी 2000 साली एक ढोबळ नियम मांडला: रेणूचे वजन 500 च्या वर गेले की ते धड त्वचेतून जाणे अवघड. दुसरी अट, ते द्रव्य तेलात विरघळणारे हवे, पण थोडेफार पाण्यातही मिसळणारे हवे, नाहीतर ते वरच्या थरातच अडकून बसते. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची: ते अगदी थोड्या प्रमाणात काम करणारे हवे. कारण तळहाताएवढ्या पट्टीतून दिवसभरात जाऊन जाऊन काही मिलिग्रॅम, फार तर काही दशक मिलिग्रॅम द्रव्य आत जाते.

या तिन्ही अटी पुऱ्या करणारी वनस्पतिजन्य द्रव्ये थोडी आहेत. स्कोपोलामाइन एक. तंबाखूतले निकोटिन दुसरे; त्याच्या रेणूचे वजन 162 आहे. मिरचीला तिखट करणारे कॅप्सेसिन तिसरे, 305 वजनाचे. पण कॅप्सेसिनचे काम रक्तात जाण्याचे नाही. ते त्वचेतल्या वेदना पोचवणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांवर काम करते. नागीण होऊन गेल्यावर महिनोन् महिने जी जळजळ राहते, तिच्यावर 8 टक्के कॅप्सेसिनची पट्टी अमेरिकेत 2009 मध्ये मंजूर झाली. ती दवाखान्यातच, हातमोजे घालून, ठरलेल्या जागेवर एक तास लावतात आणि काढतात. एका तासाचा गुण काही रुग्णांना तीन महिन्यांपर्यंत पुरतो. मिरचीची पट्टी आहे म्हणून ती कुणी घरी रात्रभर ठेवायला देत नाही, हे लक्षात घ्या.

या मार्गाचे फायदे मोठे आहेत. पोटातून गेलेले औषध आधी यकृतात जाते आणि तिथे त्याचा बराच भाग मोडला जातो. त्वचेतून गेलेले थेट रक्तात मिसळते. दिवसभर सारख्या धारेने मिळत राहते. उलट्या होणाऱ्या रुग्णालाही देता येते, आणि त्रास झाला तर पट्टी काढता येते. म्हणून अनेक संशोधक हळदीतले कर्क्युमिन, दारुहळदीतले बर्बेरिन अशी द्रव्ये पट्टीतून देण्याचा प्रयत्न करत आहेत. फार्मसीच्या महाविद्यालयांतही असे प्रयोग होतात. काचेच्या दोन कप्प्यांमध्ये प्राण्याच्या कातडीचा तुकडा ताणून बसवतात, वर पट्टी ठेवतात आणि खालच्या कप्प्यात किती द्रव्य उतरले ते तासातासाने मोजतात. हे काम मोलाचे आहे. पण ती पहिली पायरी आहे. उंदराच्या कातडीतून माणसाच्या कातडीपेक्षा सहज द्रव्य जाते. काचेच्या भांड्यात उतरले म्हणजे माणसाच्या गुडघ्यात उतरले आणि दुखणे थांबले, असे होत नाही. जाहिरातदार या पहिल्या पायरीचा फोटो दाखवतात आणि शेवटच्या पायरीची किंमत घेतात.

साखरेच्या पट्टीचा हिशेब

आता साखरेच्या पट्टीकडे येऊ, कारण जीव तिथे टांगणीला लागतो. सरकारी दवाखान्यात मधुमेहासाठी मिळणारी मेटफॉर्मिनची साधी गोळी 500 मिलिग्रॅमची असते. पुष्कळांना दिवसाला दोन, तीन, चार लागतात. म्हणजे 1000 ते 2000 मिलिग्रॅम. पट्टीतून दिवसाला जाते काही मिलिग्रॅम. हा हिशेब बाजारहाट करणाऱ्या कुठल्याही बाईला समजेल. इन्सुलिनचे पाहा. त्याच्या रेणूचे वजन सुमारे 5800 आहे, म्हणजे त्या 500 च्या मर्यादेच्या अकरापट. ते साध्या पट्टीने त्वचेतून गेले असते, तर लाखो माणसांनी रोज पोटात सुई कशाला टोचून घेतली असती?

बर्बेरिनचा रेणू लहान आहे, पण त्यावर विद्युतभार असल्यामुळे तो स्निग्ध भिंतीतून सहज जात नाही. शिवाय साखरेवर त्याचे जे अभ्यास झाले, त्यांत ते पोटातून आणि दिवसाला शेकडो मिलिग्रॅमच्या मात्रेत दिलेले आहे. तेवढे पट्टीत मावतही नाही.

साखरेची पट्टी लावली म्हणून लगेच काही होत नाही, हीच तिची खरी धोक्याची बाजू आहे. साखर वाढली तरी दुखत नाही. बाई गोळी बंद करते, पट्टी चालू ठेवते आणि "बरे वाटतेय" म्हणते. दोन-तीन महिन्यांनी पायाची जखम भरत नाही, डोळ्यांपुढे अंधारी येते, तेव्हा कळते. असे पाय आम्ही ड्रेसिंगच्या टेबलावर पाहिले आहेत. म्हणून सांगतो: कुठलीही पट्टी लावायची असेल तर लावा, पण गोळी किंवा इन्सुलिन स्वतःहून बंद करू नका. आणि पट्टीवर विश्वास असेलच, तर साखर तपासून पाहा.

तळपायाच्या "विष काढणाऱ्या" पट्टीची तर परीक्षा घरीच होते. नवी पट्टी घ्या, पायाला न लावता तिच्यावर कोमट पाण्याचे थेंब टाका किंवा चहाच्या वाफेवर धरा. ती तशीच तपकिरी-काळी होते. आत बांबूच्या किंवा लाकडाच्या अर्काची भुकटी असते आणि ओल लागली की तिचा रंग बदलतो. रात्रभर पायाला येणारा घाम त्याला पुरतो. अमेरिकेत अशा पट्ट्या विकणाऱ्यांवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने 2009 मध्ये खोट्या दाव्यांसाठी कारवाई सुरू केली. शरीरातली टाकाऊ द्रव्ये काढायला आपल्याकडे यकृत आणि दोन मूत्रपिंडे आहेत. तळपायाला ते काम दिलेले नाही.

"गुण आहे, अपाय नाही" हे दोन्ही कसे?

विक्रेत्याला एक सरळ प्रश्न विचारा. तुमच्या पट्टीतले द्रव्य त्वचेतून आत जाते की नाही? जात नसेल तर ती नुसती चिकटपट्टी आहे. तिची किंमत चिकटपट्टीएवढीच असावी. जात असेल तर ते औषध आहे, आणि औषधाची मात्रा चुकली तर अपाय होतोच. आत जाऊन गुण देते, पण अपाय मात्र कधीच करत नाही, असे म्हणणारा एक तर अज्ञानी आहे नाहीतर लबाड.

वनस्पती आहे म्हणून निरुपद्रवी, ही समजूत सोडायला हवी. बिब्ब्याच्या तेलाने कातडीला फोड येतात, ती चिघळते. धोबी कपड्यांवर खूण करायला बिब्बा वापरत. त्या खुणेमुळे मानेला, कमरेला होणारा दाह डॉक्टरांच्या पुस्तकांत धोब्याच्या नावाने नोंदलेला आहे. तान्ह्या बाळाला तर बिब्बा घालूच नये. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. कच्चा लसूण ठेचून बांधला तर भाजल्यासारखी जखम होते. लहान मुलांमध्ये असे प्रसंग वारंवार नोंदले गेले आहेत. कापूर त्वचेतून शोषला जातो आणि लहान मुलांना त्यामुळे झटके येऊ शकतात. अमेरिकेत 11 टक्क्यांहून जास्त कापराचे बाम विकायला मनाई आहे. आपल्याकडे मात्र सर्दी झाली की बाळाच्या छातीवर कापराचे तेल चोळले जाते. दुखण्यावरच्या मेंथॉल, विंटरग्रीन किंवा मिरचीच्या पट्ट्यांनी आणि मलमांनी क्वचित कातडी भाजल्याच्या तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2012 मध्ये लोकांना सावध केले होते.

त्वचा औषध आत घेते तसे विषही आत घेते. याचा सगळ्यात मोठा पुरावा आपल्या कष्टकऱ्यांच्या अंगावर आहे. तंबाखूच्या शेतात ओली पाने तोडणाऱ्या मजुरांना मळमळ, उलटी, चक्कर, डोकेदुखी होते. पानावरच्या ओलाव्यात निकोटिन उतरते आणि हातापायांच्या कातडीतून आत जाते. या आजाराला हिरव्या तंबाखूचा आजार म्हणतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने 1980 च्या दशकात भारतातल्या तंबाखू तोडणाऱ्या मजुरांवर याचा अभ्यास केला. मुंबईत कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी 1990 च्या दशकात विडी कामगारांच्या लघवीत निकोटिनचा अवशेष वाढलेला दाखवून दिला. सोलापूर, सिन्नर, गोंदिया, भंडारा इथे मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या आपल्याच आयाबहिणी आहेत. त्यांच्या श्वासातून आणि बोटांतून तेच निकोटिन जाते.

तेच द्रव्य, तोच मार्ग. दवाखान्यातल्या रुग्णाला ते पट्टीतून देताना 7, 14 की 21 मिलिग्रॅम हे मोजले जाते. विडी वळणारीला ते दिवसाला किती जाते, ते कोणी मोजत नाही. मोजमाप हा नुसता शास्त्राचा विषय नाही. कुणाचे शरीर मोजण्यालायक समजले जाते, हा प्रश्न त्यात आहे. म्हणून आम्ही त्याला हक्क म्हणतो.

खरी पट्टी जिथे हवी तिथे नाही

निकोटिनची पट्टी ही या शास्त्रातली उपयोगी वस्तू आहे. सिगारेट-विडी सोडताना जी तलफ येते, चिडचिड होते, झोप जाते, ती पट्टीने सुसह्य होते. धूर नाही, डांबर नाही, फक्त मोजलेले निकोटिन, आणि तेही काही आठवड्यांत 21 वरून 14, 14 वरून 7 असे उतरवत न्यायचे. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये ती आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. निकोटिन देऊन तंबाखू सोडवण्याच्या उपचाराचा समावेश भारताच्या 2022 च्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतही झाला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या पट्टीचे बहुतेक अभ्यास धूम्रपान करणाऱ्यांवर झाले आहेत. आपल्याकडचा प्रश्न वेगळा आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरताना आढळले. त्यात धुराविना, म्हणजे मळून, चघळून, मशेरी लावून तंबाखू घेणारे 24.4 टक्के होते. चघळणाऱ्यांवर पट्टीचा गुण तेवढा भक्कमपणे सिद्ध झालेला नाही. त्यांच्यासाठी समुपदेशन आणि निकोटिनची चघळायची नव्हे, तर तोंडात हळूहळू विरघळवायची गोळी यांचा पुरावा जास्त चांगला आहे. आणि पट्टी लावून वरून मशेरी चालूच ठेवली तर निकोटिन दुप्पट होते. मग छाती धडधडते, मळमळते. गरोदर बाईने, हृदयविकार असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती लावू नये.

ज्या उपचाराचा पुरावा आहे, त्यासाठी सरकारी दवाखान्यात विचारा, बहुतेक ठिकाणी "संपलंय" किंवा "येत नाही" असे ऐकू येते. ज्याचा काहीच पुरावा नाही ते मात्र दारात येते. ही उलटी गंगा आहे. आपली बाई पट्टीकडे का वळते, हेही पाहा. दवाखान्याची रांग म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी. धुणीभांड्याच्या चार घरांपैकी एक घर सुटते. गोळ्या महिनाभराच्या ऐवजी आठवड्याच्याच मिळतात, की पुन्हा रांग. पट्टी मात्र एकदा पैसे दिले की झाले. तिला अडाणी म्हणू नका. तिच्या वेळेची किंमत दवाखान्याने केली नाही, म्हणून फसवणाऱ्याने केली.

कायदा काय सांगतो आणि कुठे कमी पडतो

औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा 1954 पासून आहे. मधुमेह, लठ्ठपणा, रक्तदाब, कॅन्सर अशा त्याच्या यादीतल्या आजारांवर औषधाची जाहिरात करणे हा गुन्हा आहे. म्हणजे साखर बरी करणाऱ्या पट्टीची मोबाइलवरची जाहिरात या कायद्याच्या कचाट्यात येते. जाहिरातीचा फोटो काढून, पाकिटाचे बिल जोडून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. एकटीने जायला संकोच वाटला तर बचत गटाने, महिला मंडळाने मिळून अर्ज द्यावा.

दुसरा कायदा 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे 1945 चे नियम. त्यात आयुर्वेदिक, सिद्ध, युनानी औषधांतल्या विषारी द्रव्यांची एक यादी आहे, अनुसूची ई-1. धोतरा, बिब्बा, रुई, बचनाग ही नावे त्या यादीत आहेत. यातले काही औषधात असेल तर "वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे" असा इशारा पाकिटावर ठळक छापावा लागतो. पण हा नियम पोटात घ्यायच्या औषधांसाठी आहे. नियम झाले तेव्हा बाहेरून लावायचे म्हणजे तेल, मलम, लेप असेच डोळ्यांपुढे असणार. आज पट्टी बाहेरून लावली जाते, पण औषध आत जाण्यासाठीच ती बनवलेली असते. मग तोंडातून गेलेल्या धोतऱ्याला इशारा आणि त्वचेतून गेलेल्या धोतऱ्याला सूट का? हा नियम बदलला पाहिजे.

लावण्याआधी हे पाहा

पट्टी विकत घेतलीच, तर पाकीट फेकू नका. द्रव्याचे नाव, प्रमाण, किती तास ठेवायची, उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत संपण्याची तारीख हे सर्व त्यावर वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून, आशाताईंकडून वाचून घ्या. "गुप्त नुस्खा" लिहिलेले असेल तर ती ठेवून द्या.

फुटलेल्या, खरचटलेल्या किंवा गजकर्ण झालेल्या कातडीवर लावू नका. वरून गरम पाण्याची पिशवी, शेक किंवा घट्ट बांधणी नको. उष्णतेने औषध जास्त आत जाते. जळजळ, फोड, खाज, चक्कर, धडधड, भ्रम यातले काही झाले तर आधी पट्टी काढा, जागा साध्या पाण्याने धुवा आणि पट्टी पाकिटासह घेऊन दवाखान्यात जा. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनची गोळी चालू असेल तर विंटरग्रीनच्या, म्हणजे मिथाइल सॅलिसिलेटच्या पट्टीआधी डॉक्टरांना विचारा. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बाया आणि लहान मुले यांना विचारल्याशिवाय कुठलीच औषधी पट्टी नको.

वापरून झालेल्या पट्टीतही औषध उरलेले असते. चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाका. एका खोलीच्या घरात रांगते मूल जमिनीवरची पट्टी उचलून अंगाला लावते किंवा तोंडात घालते, म्हणून हे फार महत्त्वाचे.

औषधाचा, मग ते ॲलोपॅथीचे असो वा आयुर्वेदाचे, त्रास झाला तर नोंद झालीच पाहिजे. देशाच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाचा मोफत फोन क्रमांक 1800-180-3024 आहे. नोंद नसेल तर उद्या कंपनी म्हणेल, आजवर एकही तक्रार आली नाही. तंबाखू सोडण्यासाठी मदत हवी असेल तर मोफत क्रमांक 1800-11-2356 वर बोला.

आमची मागणी

त्वचेतून शरीरात जाणारी प्रत्येक पट्टी, ती हर्बल असो वा नसो, औषध म्हणून तपासली जावी. तिच्यावर द्रव्याचे प्रमाण आणि वेळ मराठीत छापलेली असावी. अनुसूची ई-1 चा इशारा पट्ट्यांनाही लागू व्हावा. तंबाखू सोडवण्याचा सिद्ध उपचार आपला दवाखाना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळावा, आणि त्यासोबत मशेरी लावणाऱ्या बायांशी बोलायला बसणारी माणसेही मिळावीत. मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या निदान महिन्याच्या एकदम द्याव्यात आणि दवाखाना संध्याकाळीही उघडा असावा. विडी आणि तंबाखूच्या मजुरांच्या शरीरात किती निकोटिन जाते, याची नियमित तपासणी सरकारने करावी आणि हातमोजे, मास्क मालकाच्या खर्चाने द्यावेत.

हे सगळे एका दिवसात होणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण पुढच्या वेळी कोणी पट्टी विकायला दारात आले, तर एक काम आजच करता येईल. त्याला बसवा, पाणी द्या आणि विचारा: यात काय आहे, किती आहे, आणि किती तासांत आत जाते? उत्तर नाही आले, तर पाकीट परत द्या आणि ते पैसे पुढच्या साखर तपासणीसाठी बाजूला ठेवा.